ग्रॅनाइटचा उतार, म्हातारी वेल, जुन्या पद्धतीची रेड वाइन... आणि आपला कातळ

सड्यावरचा

काजूबोंडांच्या धाग्यावर विषय घसरत घसरत वाइनवर गेला आणि कुणीतरी विचारलं, "डोंगरउतार आपल्याकडे पायलीला पन्नास, मग कोकणात वाइनचं द्राक्ष का नाही?" तिथे अवांतर वाढायला लागलं म्हणून हा वेगळा धागा.

माझं मूळ राजापूर तालुक्यातलं. सध्या नाशिकजवळ एका वायनरीच्या सेलरमध्ये कामाला आहे. एक हंगाम फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात तोडणीला आणि तळघरात हातभार लावायला मिळाला, त्यामुळे तिकडच्या कोर्नास या गावाबद्दल लिहितो. ग्रॅनाइटचा उतार, जुनी वेल आणि जुनी पद्धत या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर याहून चांगलं गाव मला ठाऊक नाही.

व्हालान्स शहराच्या समोर, नदीच्या उजव्या काठाला गाव आणि गावाच्या पाठीशी सरळ उभा डोंगर. १९३८ मध्ये या गावाला स्वतःच्या नावाने वाइन विकण्याचा कायदेशीर दर्जा मिळाला. सगळ्या बागा मिळून दीडशे हेक्टरच्या आसपास, आपल्याकडे एखाद्या वाडीची वरकस जमीन असते तेवढ्या. व्हाइट नाही, रोझे म्हणजे गुलाबी वाइनही नाही. फक्त रेड, तीही एकाच द्राक्षाची, सिराची. नाशिकला जिला शिराझ म्हणतो तीच ही. ती इराणच्या शिराझहून आली ही दंतकथा १९९८ च्या डीएनए तपासणीने मोडीत निघाली. दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश या आग्नेय फ्रान्सच्याच दोन जातींचं ते पोर निघालं.

जमीन बघितली तर शेतकरी माणूस हात जोडेल. ग्रॅनाइट कुजून झालेली भरड, करकरीत वाळू. स्थानिक लोक तिला 'गोर' म्हणतात. पाणी ओतलं की गायब. आम्लधर्मी, अन्नद्रव्यं बेताची. वेल फोफावत नाही, मुळं खडकाच्या फटींतून खाली खाली जातात, फळ कमी धरतं आणि मणी बारीक राहतो. रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) दोन्ही मुख्यतः सालीत असतात, त्यामुळे मणी बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. गडद रंग आणि जिभेला धरणारी चव येते ती इथून.

उतारावर दगडी बांध घालून अरुंद पायऱ्या केल्यात, चुना-सिमेंट काही नाही. एका वेलीला एक खांब, तारा नाहीत. ट्रॅक्टर चढत नाही. काही पायऱ्यांवर वरून केबलने ओढायचा नांगर चालतो, बाकी फावडं आणि पाठ. जोराच्या पावसाने माती खाली आली की पूर्वी टोपल्यांतून परत वर नेत.

तळघरातली पद्धत पुढच्या प्रतिसादात लिहितो, मोबाइलवर टाइप करून अंगठा दुखला.

चाकरमानी७२

छान. पण एक बाटली केवढ्याला, ते आधी सांगा. म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल :)

सड्यावरचा

@चाकरमानी७२, तिकडेही स्वस्त नाही. इथे तर वाइनवर दीडशे टक्के आयात कर वर्षानुवर्षं राहिला, त्यावर राज्याचा वेगळा. न विचारलेलं बरं.

आता तळघर. जुनी पद्धत म्हणजे घोस देठासकट हौदात. आमच्याकडे नाशिकला यंत्रातून देठ वेगळे काढतात आणि मणी तेवढे टाकीत जातात. कोर्नासच्या जुन्या घरांत देठ काढत नाहीत. हौद उघडा, सिमेंटचा किंवा लाकडाचा. बाहेरून यीस्ट घालायचं नाही. सालीवर आणि तळघरात जे असेल ते काम करतं. एक-दोन दिवसांत उबारा येतो, म्हणजे आंबणं सुरू होतं, कार्बन डायऑक्साइडमुळे साली-देठ फुगून वर येतात आणि जाड थर धरतात. तो थर कोरडा पडला तर वरच्या वर व्हिनेगरची वाट धरतो, म्हणून दिवसातून दोनदा तो खाली दाबायचा. दांड्याने, नाहीतर हौदात उतरून पायाने. तापमान तीस अंशांच्या आसपास खेळतं. दोन ते तीन आठवडे हे चालतं.

मग वाइन काढून घ्यायची, उरलेला चोथा दाबयंत्रात. त्यानंतर जुन्या पिंपांत दीड-दोन वर्षं. पिंप जुनंच हवं, कारण नव्या ओकच्या लाकडाला स्वतःचा वास असतो आणि त्याच्याखाली बाकी सगळं दबतं. साधं पिंप २२५ लिटरचं. इथे ६०० लिटरचं किंवा त्याहूनही मोठं वापरतात. मोठ्या पिंपात लाकडाचा संबंध कमी येतो. वसंतात हवा तापली की जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात आणि वाइनचा बोचरेपणा जातो. पुष्कळजण गाळणी न लावताच बाटल्या भरतात.

बाटली लवकर उघडली तर काळी मिरी, काळा ऑलिव्ह, रक्ताचा लोखंडी वास आणि तोंड कोरडं. आठ-दहा वर्षं ठेवली तर निराळीच वाइन. मला स्वतःला लहान वयातलीच आवडते, पण हे तिकडे मोठ्याने बोलायची सोय नाही.

खडकदास

वाचनखूण साठवली. भूशास्त्राचा माणूस आहे आणि सिंधुदुर्गात बरंच फिरलोय, म्हणून थोडी भर.

कोकण म्हणजे जांभा आणि त्याखाली काळा पत्थर, असं सरसकट समजू नये. रायगड-रत्नागिरीत ते बरंचसं खरं. पण सिंधुदुर्गात दक्षिणेकडे सरकलात की दख्खनचा लाव्हा संपत जातो आणि त्याच्याखालचे फार पुरातन खडक उघडे पडतात. कासार्ड्याची सिलिका वाळू कलादगी वालुकाश्मातली, रेडीचं लोहखनिज त्याहून जुन्या खडकांतलं, आणि कुडाळ-सावंतवाडीच्या बाजूला चक्क ग्रॅनाइटी नाइस, म्हणजे ग्रॅनाइटच्याच जातकुळीचा पट्टेरी खडक. म्हणजे "आपल्याकडे ग्रॅनाइट कुठे?" हा मुद्दा बाद. आहे.

पण खडक तोच असला तरी माती तीच होत नाही. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक. थंड, बेताच्या पावसाच्या हवेत फेल्डस्पार हळूहळू कुजतो, अर्धवटच चिकणमाती होते आणि दाणेदार वाळू शिल्लक राहते. सड्यावरचा म्हणतायत ती गोर हीच. आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, वर बारा महिने ऊब. फेल्डस्पार पार कुजतो, सिलिकासुद्धा धुपून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. वर जांभा, त्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, जांभा फोडला की काय लागतं ते. ती माती पाणी धरून बसते. द्राक्षाला जे नको नेमकं तेच.

आणि "दगडाची चव वाइनमध्ये उतरते" यावर: ॲलेक्स माल्टमन हे वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ, त्यांनी यावर सविस्तर लिहिलंय. खडकातली खनिजं ही घट्ट बांधलेली संयुगं आहेत. वेल पाण्यात विरघळलेले आयन तेवढे घेते, तेही पुष्कळसे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेले. वाइनमध्ये त्यांचं प्रमाण जिभेला कळण्याइतकं नसतं. ग्रॅनाइट जे करतो ते पाण्याच्या निचऱ्यातून, उष्णतेतून आणि वेलीला उपाशी ठेवण्यातून.

मालवणी माजघर

मेल्यांनू, पायान तुडवलेला पितत? आमच्या हय कोकमाची सोला करताना पोरांका तीनदा हात धुवक लावतंय मी. ह्या फ्रान्सवाल्यांका कोण सांगणारा नाय?

पणजीवाला

माजघरताई, सीमा ओलांडून इकडे गोव्यात बघा की. फेणीसाठी काजूबोंडं पायानेच तुडवायची रीत. तुडवायच्या जागेला कोळंबी म्हणतात (मासळीतली नव्हे), खडकात खोदलेली उथळ कुंडी. बोंडं टाकायची, तुडवायची, रस एका बाजूने निघतो. नंतर उरलेल्या चोथ्याचा गोळा करून वर दगड ठेवला की निथळतो तो निरो. हल्ली बऱ्याच ठिकाणी यंत्रं आली, पण कोळंबी अजून दिसते.

गंमत म्हणजे उत्तर पोर्तुगालमध्ये द्राक्षं तुडवायचे हौद असतात, 'लागार', ते ग्रॅनाइटचे कोरलेले असायचे. दाँव हा तिकडचा प्रदेश तर पुरता ग्रॅनाइटवर, आणि तुरिगा नासिओनाल हे लाल द्राक्ष तिथलंच. लोक कमरेला हात घालून रांगेत उभे राहून तुडवतात, रात्री गाणीबिणी म्हणत.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. हे पोर्तुगीज साडेचारशे वर्षं गोव्यात राहिले. वाइनशिवाय त्यांच्या चर्चमध्ये मिस्सा होत नाही. तरी इथे वाइनसाठी द्राक्षबागा उभ्या राहिल्या नाहीत. वाइन जहाजातून आली आणि इथे ब्राझीलहून आणलेला काजू रुजला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं.

सड्यावरचा

@मालवणी माजघर, ताई, पाय स्वच्छ धुऊनच उतरतात :) आणि आम्ल अधिक अल्कोहोल या जोडीपुढे माणसाला आजारी पाडणारे जंतू टिकत नाहीत. भीती जंतूंची नाही, हवेची आहे. उबारा चालू असताना कार्बन डायऑक्साइड हौदाच्या तोंडाशी साचतो. तो हवेहून जड, वास नाही, रंग नाही. वाकलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. जुने लोक आधी पेटती मेणबत्ती खाली सोडत. विझली तर उतरायचं नाही.

मालवणी माजघर

ता माका म्हायत हा. आमचे आजे बावडी उपसूक उतरायच्या आधी कंदील सोडीत. विझलो तर त्या दिवशी बावडेक हात लावीत नसत. बरां, मगे काय तुझां पुरां कर.

दिंडोरीकर

द्राक्ष बागायतदार, तीन पिढ्या. स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

खडकदास साहेब मातीचं बोलले, ते बरोबरच. पण माती एक वेळ बदलता येते, भर घालता येते, गादीवाफे करता येतात. हवेचं काय करणार? कोर्नासला वर्षाला आठशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तो वर्षभर विखरून. वर मिस्ट्राल नावाचं कोरडं वारं पानं सुकवून जातं. आमच्याकडे दिंडोरीत फुलोऱ्यात दोन दिवस ढगाळ राहिलं तरी झोप लागत नाही. केवडा, भुरी, करपा. पहिला पानाच्या खालून येतो आणि घडावर गेला की संपलंच. तुमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पान कोरडं कधी असतं?

दुसरी गोष्ट झोपेची. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, छाटून छाटून तिला वळण लावावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तीत काडी तयार करायची. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तीत फळ. वर्षातून दोनदा फुटायचं म्हणजे वेल आतलं सगळं खर्च करत राहते. म्हणून आमच्या बागा पंधरा-वीस वर्षांत थकतात आणि आम्ही त्या काढून टाकतो. शंभर वर्षांची वेल वगैरे इकडे विसरा. डॉगरिज या जंगली वेलीच्या खुंटावर कलम भरलेली माझी सर्वांत जुनी बाग अजून विशीत नाही आणि आत्ताच घडांची संख्या बोलते.

चाकरमानी७२

दिंडोरीकरांनी धाग्याचा निकाल लावला. पण माझा एक प्रामाणिक प्रश्न आहे. जुनी वेल म्हणजे कमी फळ. उतार म्हणजे जास्त मजुरी. देठासकट वगैरे म्हणजे जास्त धोका. धंद्याच्या दृष्टीने तिन्ही गाढवपणाच. मग ते लोक करतात कशाला? नुसती परंपरा-परंपरा म्हणून कुणी शंभर वर्षं तोटा सोसत नाही.

सड्यावरचा

नेमका प्रश्न. उत्तर असं की बहुतेकांनी केलंच नाही, सोडून दिलं.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा आला. मुळं खाणारी मावा-जातीची बारीक कीड, अमेरिकेतून आलेली. १८६० च्या दशकात दक्षिण ऱ्होनमध्ये दिसली आणि तिथून फ्रान्सभर पसरली. उपाय सापडला तो कलमाचा: मूळ अमेरिकन जंगली वेलीचं, वर आपली जात. रायवळीवर हापूस बांधतो तसंच, फक्त इथे कारण फळाचं नाही, मुळाचं. तोवर जुनी वेल मेली की शेजारच्या वेलीची फांदी जमिनीत दाबून दाब कलमाने जागा भरत. ते बंद झालं, कारण दाब कलमाला स्वतःचीच मुळं फुटतात आणि कीड ती खाते. कलमं विकत घ्यायची, उतार पुन्हा लावायचा, हा खर्च कित्येकांना झेपला नाही. मग पहिलं महायुद्ध. गावातली तरणी माणसं गेली ती आली नाहीत. दुसऱ्या युद्धानंतर व्हालान्सला कारखाने निघाले. महिन्याचा पगार, रविवारी सुट्टी. डोंगरावर कोण चढणार? बागांत झुडपं माजली. ऱ्होनकाठीच पण बरंच उत्तरेला असलेल्या कोंद्रिओ या गावात १९६० च्या दशकात जेमतेम दहा हेक्टरच्या आसपास बाग उरली होती. पायऱ्यांचे बांध अजून दिसतात, त्यावर ओकची झाडं.

आपल्याकडे मुंबईला गिरणीत गेलेल्यांचे गडगे (दगडी बांध) असेच ढासळलेत. गाव कुठलंही घ्या.

जे राहिले ते हट्टाने किंवा दुसरं काही जमत नव्हतं म्हणून राहिले, आणि वाइन पिंपाच्या भावाने व्यापाऱ्यांना विकत. कोर्नासमध्ये ऑग्यूस्त क्लाप हे स्वतःची बाटली स्वतःच्या नावाने भरणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी. नोएल व्हेर्से हे दुसरे. १९७० च्या दशकापासून कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा कर्मिट लिंच अशा लोकांच्या वाइन अमेरिकेत नेऊ लागला आणि हळूहळू भाव आला. आज त्या उताराला सोन्याचं मोल आहे, पण त्यातला पैसा मधल्या तीस-चाळीस वर्षांत कुणालाच दिसत नव्हता. तेव्हा परंपरेपोटी तोटा सोसला हे जितकं खोटं, तितकंच धंदा म्हणून केलं हेही खोटं.

चाकरमानी७२

हे पटलं. (माझ्याही घरचा गडगा ढासळलाय. बोलायचं काम नाही.)

अनामिक खाडी

इथे 'जुनी वेल, जुनी वेल' चाललंय, पण किती जुनी म्हणजे जुनी? दुकानात 'ओल्ड व्हाइन्स' (जुन्या वेली) लिहिलेल्या बाटल्या भरपूर दिसतात. त्याला काही नियम?

सड्यावरचा

फ्रान्समध्ये लेबलवर 'व्हिएय् विन्य', म्हणजे जुन्या वेली, असं लिहायला वयाची कायदेशीर अट नाही. कुणी पंचविशीच्या वेलीला लिहितो, कुणी ऐंशीच्या. ऑस्ट्रेलियात बरोसा भागात २००९ मध्ये श्रेणी ठरवल्या: ३५ वर्षांपुढे 'ओल्ड', ७० पुढे 'सर्व्हायव्हर', १०० पुढे 'सेंटेनेरियन', १२५ पुढे 'ॲन्सेस्टर'. दक्षिण आफ्रिकेतही ३५ चीच अट धरून बाटलीवर लागवडीच्या वर्षाचा शिक्का मिळतो. ओआयव्ही या द्राक्ष-वाइनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ मध्ये ३५ वर्षं हीच व्याख्या घेतली.

म्हातारी वेल म्हणून वाइन आपोआप चांगली होत नाही, हेही सांगून ठेवतो. खोड कुजवणारे रोग लागतात, मधल्या वेली मरतात, फळ इतकं घटतं की पिंपही भरत नाही. फायदा असा की मुळं खोल गेल्यामुळे कोरड्या वर्षी ती डगमगत नाही आणि ओल्या वर्षी फोफावत नाही. आणि एक फायदा लोक विसरतात: जुन्या बागेतल्या सगळ्या वेली एका रोपवाटिकेतून आलेल्या जुळ्या नसतात. पूर्वी चांगल्या दिसणाऱ्या अनेक वेलींच्या काड्या घेऊन लावत. त्यामुळे एकाच बागेत थोडी लवकर पिकणारी, थोडी उशिरा पिकणारी, बारीक मण्याची अशी सगळी मिसळ असते. तिकडे सिराच्या अशा जुन्या, बारीक मण्याच्या वाणाला सेरिन म्हणतात. रोपवाटिकेच्या एकाच क्लोनमध्ये ते मिळत नाही.

दिंडोरीकर

याला +१. एकच क्लोन लावला की रोगही सगळ्यांना एकदमच.

देठाबद्दल विचारायचं होतं. तुम्ही नाशिकला का करत नाही देठासकट?

सड्यावरचा

दादा, करून बघणारे आहेत, थोड्या प्रमाणात. पण देठात पोटॅशियम असतं. ते वाइनमध्ये उतरलं की आम्लता घटते, पीएच चढतो. आपली तोडणी जानेवारी ते मार्च, शेवटी शेवटी ऊन तापलेलं, द्राक्षाची आम्लता आधीच उतरलेली. त्यात देठ टाकले तर वाइन मऊ, मातकट आणि जिवाणूंना मोकळं रान. शिवाय देठ तपकिरी, लाकडासारखा पिकलेला हवा. हिरवा देठ म्हणजे हिरव्या मिरचीचा वास आणि कडवटपणा. आपल्याकडे साखर झपाट्याने चढते आणि देठ मागे हिरवाच राहतो. कोर्नासला शरद हळूहळू येतो, देठाला वेळ मिळतो. तरीही तिथे नव्या पिढीतले पुष्कळजण वर्ष बघून ठरवतात, काही तर सरसकट देठ काढतात. जुन्यांशी त्यांचे त्यावर वाद होतात, आणि दोन्हीकडची वाइन मी आवडीने प्यायलो आहे.

देठाचा फायदाही आहे: घोसांमधून रस खेळता राहतो, उष्णता एकदम चढत नाही, आणि अखंड मण्यांच्या आतल्या आत थोडं आंबणं होतं त्याने फळाचा सुगंध वाढतो. बोझोलेच्या उत्तर भागात, तेही बरंचसं ग्रॅनाइटवरच, गामे द्राक्षाची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. मॉर्गाँ, फ्लरी ही तिथली गावं. स्वस्तात ग्रॅनाइट चाखायचा तर तिकडची बाटली बघा.

प्रशासक

चर्चा उत्तम चालू आहे. फक्त एक सूचना: घरी वाइन किंवा दारू बनवण्याची कृती, प्रमाण, साहित्य इथे देऊ नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय ती बनवणे गुन्हा आहे. दोन प्रतिसाद संपादित केले आहेत.

ऋजुता_दापोली

संपादित झाला त्यातला एक माझाच असावा :)

कृती न देता लिहिते. फळप्रक्रियेत काम करते. कोकणात लाल वाइनचा विषय निघाला की द्राक्षामागे धावायचं कारणच मला कळत नाही. आपल्याकडे जांभूळ आहे. सालीत गडद रंग, चवीला तुरट, म्हणजे टॅनिन भरपूर. लाल वाइनला जे हवं ते फळात आधीच आहे. पालघरकडच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' हा वाण दिलाय. साखर द्राक्षापेक्षा कमी असते, ती बाहेरून भरावी लागते, हा कमीपणा मान्य. कोकमाचंही लोक विचारतात, पण त्याचा आंबटपणा इतका जबर की यीस्ट दमतं; पाणी घालून सौम्य करावं तर रंग आणि अर्क दोन्ही पातळ. कोकमाने सरबत, आगळ आणि सोलकढीतच राहावं.

आणि जुनी झाडं म्हणाल तर देवराईत, बांधावर जांभळाची झाडं आजोबा-पणजोबांच्या वेळची आहेत. कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. सड्याच्या कडेच्या, मुरमाड जागेतल्या झाडाचं फळ बारीक पण रंग बघा त्याचा!

अडचण तोडणीची आहे. मे अखेर ते जून, म्हणजे पहिल्या पावसाशी शर्यत. जांभळाची फांदी ठिसूळ, दरवर्षी कुणीतरी पडल्याची बातमी असते. फळ खाली पडलं की फुटलं, आणि फुटलेलं फळ संध्याकाळपर्यंत आंबायला लागतं. कलमी झाडं बुटकी ठेवली तर हा प्रश्न सुटतो, पण मग ते 'जुनं झाड' नाही.

खडकदास

ऋजुताताई, मुरमाड जागेतलं फळ बारीक आणि गडद, हे निरीक्षण सड्यावरचांच्या ग्रॅनाइटशी जुळतं. निचरा आणि उपासमार. खडक कुठला का असेना.

अवांतर: भारतात ग्रॅनाइटी नाइसवरची द्राक्षं बघायची असतील तर बंगळूरजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी आहेत. उंचीमुळे रात्री थंड आणि पाऊस कोकणाच्या मानाने नगण्य. तिथली शिराझ मिसळलेली रेड नाशिकच्या काळ्या दगडावरच्या शिराझशेजारी ठेवून प्यावी. फरक लागतो. तो खडकाचा की उंचीचा की बनवणाऱ्याचा, यावर मी पैज लावणार नाही.

कुडाळचो झिल

सगळा धागा वाचला. आता माझा प्रश्न. आमचा कुडाळजवळ एक उताराचा तुकडा आहे, जुने गडगे आहेत, पूर्वी नाचणी-वरी व्हायची. आता रान. विहीर आहे. विकायला नाही, नुसता हौस म्हणून थोड्या द्राक्षवेली लावल्या तर? शंभर वर्षांचा माझा हट्ट नाही. माझ्या हयातीत एक घड लाल झाला तरी पुरे. दिंडोरीकर काका, शिव्या घाला पण सांगा.

दिंडोरीकर

शिव्या कशाला. हौसेला मोल नाही, फक्त वाइनच्या जाती लावू नका. शिराझ तुमच्याकडे पहिल्याच जुलैत पानं टाकेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-५१६ नावाची जात काढली आहे. त्यात एका बाजूने अमेरिकन लॅब्रुस्का रक्त आहे, त्यामुळे बुरशीला जरा दाद देत नाही. रसाला, वाइनला चालते, मणी काळा. एकदा पुण्याजवळ मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रातही विचारून घ्या, कोकणाच्या हवेत काय टिकेल ते.

सड्यावरचा

काकांच्या सल्ल्यात एक भर. गडगे आधी बांधून घ्या, वेली नंतर. बांधाच्या तळाला पाणी निघायला वाट ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात बांध वेलींसकट खाली. आणि पूर्व उतार निवडा, सकाळच्या उन्हात दव लवकर सुकतं. कोर्नासच्या चांगल्या बागांची तोंडंही पूर्व-आग्नेयेलाच आहेत.

ऋजुता_दापोली

आणि बांधाच्या कडेने दोन-चार जांभळाची कलमं लावा. द्राक्ष गेलं तरी हात लाल होतील.

कुडाळचो झिल

लावतो. गडग्याचे गवंडी आता आमच्याकडे दोघेच उरलेत, त्यांना आधी पकडतो. पावसात वेलींवर प्लास्टिकचं छप्पर टाकायचा विचार आहे, बाजू मोकळ्या ठेवून. काही डाग आले तर इथेच फोटो टाकेन.

दिंडोरीकर

टाका. पानाच्या दोन्ही बाजूंचा टाका. वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खालून पांढरी लव असेल तर केवडा. वरूनच राख भुरभुरल्यासारखं दिसलं तर भुरी. दोन्हींची औषधं वेगळी, आणि दुकानदार तुम्हाला जी शिल्लक असेल ती देईल.